मे महिन्यातली सुई आणि आपलं चुकीचं भांडण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या आमच्या मुलाच्या बालवाडीच्या पालक ग्रुपवर शाळेची एक सूचना आली, की जूनमध्ये शाळा सुरू होताना मुलांनी फ्लूची लस घेतल्याचं सर्टिफिकेट आणावं. झालं, दोन दिवसांत दोनशेच्या वर मेसेज पडले. एका बाजूचं म्हणणं, हा सगळा डॉक्टरांचा आणि कंपन्यांचा धंदा हाय, आम्ही पंचगंगेत पोहून आणि पावसात भिजून मोठे झालो, आम्हाला काय झालं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अशा अडाणी लोकांमुळंच साथी पसरतात, ज्यांना लस नको त्यांनी आपली पोरं घरात ठेवावीत. मग जुने कोविडचे व्हिडिओ आले, कोण किती शिकलंय ते निघालं, दोघांनी ग्रुप सोडला. या सगळ्या गदारोळात एका आईनं विचारलं होतं, "दोन पोरं हाईत, पहिल्या वर्षी दोन-दोन डोस सांगितलेत, सात-साडेसात हजार होतंय, कुठं कमी पैशात मिळंल का?" तिचा नवरा शिरोलीला फाउंड्रीत कामाला आहे. तिच्या मेसेजला एकाही माणसानं उत्तर दिलं नाही, म्हणजे लसवाल्यांनीही नाही आणि विरोधवाल्यांनीही नाही. मला तर त्या दोनशे मेसेजात तेवढा एकच मेसेज मुद्द्याचा वाटला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरवर्षी पावसाच्या आधी फ्लूची लस मिळायला पाहिजे, ती सरकारनं अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात फुकट द्यायला पाहिजे, आणि ती फुकट मिळत नाही तोवर कुठल्याही शाळेला सर्टिफिकेट मागायचा नैतिक अधिकार नाही. सगळं भांडण "लस चांगली का वाईट" यावर चाललंय आणि "लस कुणापर्यंत पोचते" हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि माझ्या मते आपण सगळेच चुकतोय ते इथं.

मी हे लांबून बघून लिहीत नाही. मागच्या जुलैत माझा पोरगा, चार वर्षांचा, शाळेतनं सर्दी घेऊन आला. आपल्याकडं जुलैत कुठल्या पोराला सर्दी नसते? आईनं ओव्याचा शेक दिला, आडुळशाचा काढा झाला, तिसऱ्या दिवशी ताप १०३ वर, आणि चौथ्या रात्री मी त्याचा सदरा वर केला तर प्रत्येक श्वासाला पोट उडत होतं आणि बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. चार दिवस ॲडमिट, ऑक्सिजन लावला, तपासणीत इन्फ्लुएंझा निघाला. तो बरा झाला, आता दंगा घालतोय. पण त्याच आठवड्यात माझी आई आजारी पडली, मधुमेहाची पेशंट, तिला महिनाभर उठता आलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं याची लस असते ना, मग आम्हाला आधी कोण बोललं का नाही? ते म्हणाले असते, ऑप्शनल आहे, लोक महाग म्हणतात म्हणून आम्ही जोर करत नाही. ऑप्शनल हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातनं जात नाही. आजार कुणाला ऑप्शनल नव्हता, आम्हाला नाही आणि शेजारच्या कॉटवरच्या गगनबावड्याकडच्या पोरीला तर नाहीच नाही.

आता आधी एक घोळ मिटवू, कारण ग्रुपवर निम्मे लोक या घोळातच बोलत होते. बऱ्याच आयांना वाटतं की फ्लूची लस आमच्या बाळाला दिलीय, कार्डावर हाय की इन्फ्लुएंझा. कार्डावर जे आहे ते पेंटाव्हॅलंट, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं, त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच गोष्टी असतात. हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी, तो एक जिवाणू आहे, त्यानं न्युमोनिया आणि मेंदूज्वर होतो. नावात इन्फ्लुएंझा आलं ते जुन्या चुकीमुळं, १८९२ साली शास्त्रज्ञांना वाटलं की फ्लू याच जिवाणूनं होतो, आणि माणसाच्या फ्लूचा खरा विषाणू सापडायला १९३३ साल उजाडलं. चूक दुरुस्त झाली पण नाव तसंच राहिलं. दुसरी लस पीसीव्ही, न्युमोकोकस नावाच्या जिवाणूवरची, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी. तिसरी गोवर-रुबेलाची, नऊ महिन्याला आणि मग दीड वर्षाच्या आसपास, आणि गोवर म्हणजे नुसते अंगावरचे पुरळ नव्हेत, गोवरानंतरचा न्युमोनियाच पोरं नेतो. या तिन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. फ्लूची लस वेगळी, ती लहान मुलांच्या राष्ट्रीय वेळापत्रकात नाही, बालरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना मात्र सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती दरवर्षी घ्या असं सांगते. आणि आरएसव्ही म्हणून अजून एक विषाणू आहे, तान्ह्या बाळांची छाती भरते ती पुष्कळ वेळा त्यानं, त्यावर आता काही देशांत गरोदर आईला लस किंवा बाळाला अँटिबॉडीचं इंजेक्शन देतात, आपल्या मोफत यादीत अजून तसलं काही नाही. एवढं डोक्यात साफ ठेवलं तरी निम्मं भांडण संपतं.

आता विरोधवाल्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा घेऊ. "लस घेऊन पण फ्लू होतोच की." खरं आहे. फ्लूची लस गोवराच्या लसीसारखी पक्की नाही. विषाणू दरवर्षी कपडे बदलतो, लस तयार करणाऱ्यांना काही महिने आधी अंदाज बांधावा लागतो, आणि जमलेल्या वर्षी सुद्धा डॉक्टरकडं जायला लावणारा फ्लू साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी होतो, अंदाज चुकलेल्या वर्षी त्याहून कमी. हे लसवाल्यांनी लपवू नये. ग्रुपवर एक ताई ठामपणे लिहीत होत्या की लस घेतली की फ्लू होतच नाही, आणि मला त्यांचाच जास्त राग आला, कारण उद्या त्यांच्या शब्दावर लस घेतलेल्या पोराला ताप आला की ते घर कायमचं विरोधात जाणार. पण अर्धवट संरक्षण म्हणजे बिनकामाचं संरक्षण असा हिशोब आपण दुसरीकडं कुठं करतो का? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला आलं की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे इथल्या बारक्या पोराला पण पाठ आहे. ३९ ला आपण जनावरं हलवतो, धान्याची पोती माळ्यावर टाकतो. त्यानं पूर थांबतो का? नाही. दर वेळी पाणी घरात येतंच का? तेही नाही. आणि कधी २०१९ सारखं एवढं येतं की माळ्यावरची पोती पण भिजतात. म्हणून पुढच्या वर्षी कोण म्हणालं का की पोती उचलून उपयोग नाही, राहू देत खालीच? नुकसान निम्म्यावर आलं तरी आपण ते कमावलेलंच धरतो. फ्लूच्या लसीनं तर नुसता फ्लू कमी होत नाही, झाला तरी ॲडमिट व्हायची आणि जीव जायची शक्यता उतरते. अमेरिकेत फ्लूनं दगावलेल्या मुलांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते, आणि लस घेण्याच्या वयातल्या त्या मुलांपैकी साधारण ऐंशी टक्के पूर्ण लस न झालेली असतात.

दुसरा मुद्दा, आम्ही भिजून मोठे झालो. यातही थोडं तथ्य आहे, बहुतेक मुलं फ्लूतनं आपली आपण बरी होतात, आणि होऊन गेलेल्या आजारानं अंगात थोडी ताकद येते. पण हे म्हणणारे सगळे कोण आहेत बघा, जे मोठे झाले ते. जे झाले नाहीत ते ग्रुपवर मेसेज टाकायला आलेले नाहीत. आमच्या पणजीच्या वेळेला घरटी एखाद-दुसरं मूल दगावणं ही सांगायची पण गोष्ट नव्हती. १९१८ चा फ्लू आपल्याकडं मानमोडी म्हणून ओळखला गेला, जूनमध्ये मुंबईच्या बंदरात शिरला आणि हिंदुस्थानात एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाखांच्या मधे माणसं गेली असा अंदाज आहे. ती माणसं कमकुवत होती का? रानात राबणारी, ताजं दूध पिणारी, भिजलेलीच माणसं होती. आणि लांब कशाला जायचं, ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यातली एक शाळकरी पोरगी होती. त्या वर्षी इथं सुद्धा लोकांनी नाकाला रुमाल बांधले होते, कापराच्या वड्यांचे तुकडे खिशात घेऊन हिंडत होते. तोच स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, आता दरवर्षीच्या फ्लूमधला एक होऊन बसलाय, तो कुठं निघून गेलेला नाही. पाच वर्षांखालच्या मुलांपुरता २०१८ सालचा जगाचा अंदाज आहे, की फ्लूची साधारण अकरा कोटी आजारपणं, पावणेनऊ लाखांच्या आसपास ॲडमिशन, आणि मृत्यू ३४,८०० पर्यंत, आणि यातले बहुतेक मृत्यू आपल्यासारख्या देशांत. अकरा कोटीला चौतीस हजार म्हणजे किरकोळ, असं कुणी म्हणेल. ज्याच्या घरातलं गेलं त्याच्या दारात उभं राहून म्हणता येईल का?

तिसरा मुद्दा भीतीचा, आणि त्या भीतीची मी चेष्टा करणार नाही. लसीनं कधीच काही होत नाही असं म्हणणारा माणूस इतिहास वाचलेला नाही. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतनं लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. खापर हाफकिनवर फुटलं, नोकरी गेली, आणि मग चौकशीत दिसलं की दोष लसीत नव्हता, त्या दिवशी बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा होता. १९०७ पर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्याची बाजू जाहीर मांडली. मुंबईतल्या त्याच्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचंच नाव दिलं. दुसरं उदाहरण खुद्द फ्लूच्या लसीचं. १९७६ साली अमेरिकेत घाईघाईनं स्वाइन फ्लूची मोहीम काढली, साडेचार कोटीच्या आसपास लोकांना टोचलं, आणि गियाँ-बारे नावाचा पाय लुळे पाडणारा आजार दर लाखात एखाद्या माणसाला जादा झालेला दिसला, मोहीम थांबवली. तर मग या दोन गोष्टींतनं काय शिकायचं? मला एवढं दिसतं की धोका सापडला तो लसीवर नजर ठेवणाऱ्या माणसांनीच शोधला, मोजला, जाहीर केला आणि मोहीम बंद सुद्धा केली. आज पोराला लस दिल्यावर दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते, फार क्वचित तीव्र ॲलर्जी येते, म्हणून अर्धा तास बसवून ठेवतात. ज्याला आधी ॲलर्जीचा मोठा त्रास झालाय त्यानं डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. आईबापानं हे सगळं विचारलं तर तोंड वाकडं न करता उत्तर द्यायला पाहिजे. "एवढं काय विचारताय" असं म्हणणारा प्रत्येक माणूस लसीचं नुकसान करतोय.

आता धंद्याचं. लस खाजगीत दीड-दोन हजाराला पडते, पहिल्या वर्षी नऊ वर्षांखालच्या मुलाला चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, पुढं दरवर्षी एक. दोन पोरांच्या घराला हा आकडा लागणारच, आणि जिथं पैसा आहे तिथं फायदा कमावणारे असणारच, हे मी नाकारत नाही. पण धंदा आहे म्हणून वस्तू खोटी असं होत नाही. पीसीव्हीचं उदाहरण घ्या. काही वर्षांमागं ही लस खाजगीत हजारो रुपयांना मिळायची, आणि तेव्हा पण हेच बोललं जायचं, की श्रीमंतांचे चोचले, परदेशी कंपन्यांचं खूळ. मग २०१७ पासून ती हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशच्या काही भागांत सरकारी कार्यक्रमात आली, डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरमनं स्वतःची स्वस्त पीसीव्ही काढली, आणि २०२१ मध्ये देशभर ती फुकट झाली. आज जंगलातल्या दाजीपूरच्या वाडीवरचं बाळ आणि शहरातल्या पैसेवाल्या ताराबाई पार्कातलं बाळ एकाच जिवाणूपासून एकाच प्रकारच्या लसीनं वाचतंय. लसीचं काम तेच होतं, फक्त सरकारनं ती आपल्या अंगावर घेतल्याबरोबर ती धंद्याच्या हातातनं निघाली. म्हणजे ज्यांना धंद्याचा खरोखर राग आहे त्यांनी लसीला विरोध करून उपयोग नाही, त्यांनी ती फुकट करा म्हणून आवाज उठवायला पाहिजे. फ्लूची लस आपल्याच देशात, आपल्याच कंपन्या २०१० पासून बनवतायत. आणि आपल्याच राज्यानं स्वाइन फ्लूच्या त्या वाईट वर्षांनंतर गरोदर बायकांना आणि मधुमेह, बीपी असलेल्यांना ती फुकट द्यायला सुरुवात केलीच होती, म्हणजे हे जमत नाही असं नाही.

शाळेच्या सर्टिफिकेटवर मी का चिडलो ते आता सांगतो. या गावात सक्तीची गोष्ट शाहू महाराजांना सोडून करता येत नाही. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोरगं शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. पण क्रम बघा. ते शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं, दोन्ही शब्द एका दमात. शाळा गावात आणली, फी काढून टाकली, आणि मग पालकाला विचारलं की आता पोरगं का नाही? सोय न करता नुसता दंड लावला असता तर ती गरिबाला शिक्षा झाली असती. याच्या उलटं पुण्यात १८९७ ला झालं. प्लेग खरा होता, रोग्याला वेगळं ठेवणं पण बरोबर होतं, सावित्रीबाई फुले तर त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता मार्चमध्ये गेल्या. पण प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या सोजिरांनी ज्या पद्धतीनं घरात घुसून माणसं बाहेर काढली त्यानं शहर पेटलं, आणि लोकांच्या मनात प्लेगपेक्षा प्लेगच्या बंदोबस्ताची दहशत मोठी झाली. उपाय बरोबर असून पद्धत चुकली की लोक उपायालाच लाथ मारतात. आज एखादी शाळा म्हणते सर्टिफिकेट आणा, लस कुठं मिळंल, पैसे कोण देईल ते तुमचं तुम्ही बघा. मग ज्याच्याकडं पैसे आहेत त्याचं पोरगं शहाणं आणि सुरक्षित, आणि फाउंड्रीतल्या कामगाराचं पोरगं वर्गाला धोका? माझ्या पोराला संरक्षण पाहिजे म्हणून मी दुसऱ्याच्या पोराला दाराबाहेर उभं करू? मला हे पटत नाही, आणि पटणार पण नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र ग्रुपवर कुणी काढलाच नाही, तो मला माझ्या आरोग्य खात्यातल्या एका नातेवाईक ताईनं काढून दाखवला. ती म्हणाली, दादा, फुकट द्या म्हणायला सोपं आहे, पण आमच्या सिस्टर आणि आशा ताई आत्ताच मरमर मरतायत, दरवर्षी नवी लस, दरवर्षी पहिल्यांदा घेणाऱ्यांना दोन डोस, ते पण मे महिन्यात निम्मी पोरं मामाच्या गावाला गेलेली असताना. त्यापेक्षा आहे त्या लसी शंभर टक्के करा. न्युमोनियानं जी पोरं जातात त्यात फ्लूपेक्षा न्युमोकोकस, हिब, आरएसव्ही यांचा वाटा मोठा आहे. मला उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण तिचं बरोबरच आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडनं ऊसतोड टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात, पाचटाच्या खोपीत थंडी-धुरात तान्ही पोरं असतात, त्यांचे डोस गावाकडं पण चुकतात आणि इथं पण. कार्ड ट्रंकेत राहिलेलं असतं. नोव्हेंबर २०२२ ला मुंबईत गोवंडीत गोवरानं पोरं दगावली, तिथं लस नव्हती असं नाही, पोचली नव्हती. तेव्हा पैशाची आणि माणसांची खेचाखेच असेल तर पहिला मान कार्डावरच्या लसींचा, हे मी मान्य करतो. खोपीतल्या बाळाला पीसीव्ही आणि गोवराची लस आधी, माझ्या पोराला फ्लूची नंतर.

पण यातनं फ्लूचं काहीच करू नका असं निघत नाही, टप्प्यानं करा असं निघतं. पहिल्या वर्षी गरोदर आया, कारण सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याला आईच्या अंगातनं जे मिळतं तेवढंच त्याचं चिलखत. त्यांच्याबरोबर दम्याची, जन्मजात हृदयविकाराची, आणि अंगणवाडीच्या वजनात तीव्र कुपोषित निघालेली पोरं. ही यादी अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरमध्ये आणि आशा ताईच्या डोक्यात तयार असते, नवा सर्व्हे करायला नको. दुसऱ्या वर्षी सहा महिने ते दोन वर्षं, मग पुढं. वेळ पण अशी की आपल्याकडं फ्लू पावसात उसळतो आणि थंडीच्या शेवटाला परत, म्हणून दक्षिण गोलार्धासाठी बनलेली नवी लस आली की एप्रिल-मे मध्ये टोचायची, टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात. जूनच्या अखेरीस खोकत्या पोराला घेऊन लस द्या म्हणत धावण्यात अर्थ नाही. आणि सिस्टर-ताईंवर बोजा वाढतो तर माणसं वाढवा, त्या आशांना वेळेवर पैसे द्या, हा लस न द्यायचा मुद्दा नव्हे, भरती करायचा मुद्दा आहे.

शिवाय पोराला टोचलेली लस पोरापुरती राहत नाही, आणि एकत्र कुटुंबातल्या माणसाला हे कळायला पाहिजे. जपाननं १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस द्यायला सुरुवात केली, मधे ती सक्तीची पण होती, १९८७ ला आईबापांना सूट दिली आणि १९९४ ला कार्यक्रमच बंद केला. २००१ साली संशोधकांनी मागचा हिशोब मांडला तर त्या वर्षांत दरवर्षी ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते असा त्यांचा अंदाज निघाला, आणि ते बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे. लस नातवाला आणि जीव आजोबांचा वाचला. या हिशोबावर नंतर वाद झाले, मान्य, पण कॅनडात २०१० साली छापून आलेला अभ्यास तर समोरासमोर केलेला होता, हटराइट नावाच्या, एकत्र वस्ती करून राहणाऱ्या धार्मिक पंथाच्या लोकांच्या वस्त्यांत काही ठिकाणी फक्त मुलांना फ्लूची लस दिली आणि काही ठिकाणी दुसरीच लस, तर पहिल्या वस्त्यांत लस न घेतलेल्या माणसांना पण साधारण साठ टक्के संरक्षण मिळालं. आमच्या घरात पोरगं आजीच्या कुशीत झोपतं. तिचा तो महिना अंथरुणात गेला तो कुणाच्या खोकल्यानं गेला हे मला माहीत आहे, पोराला बिचाऱ्याला माहीत नाही आणि माहीत होऊ पण नये.

करायचं काय तर मला दोन दारं दिसतात, एक गावचं-शहराचं आणि एक शाळेचं. गावात १ मे ला ग्रामसभा असते. ग्रामपंचायतीला महिला-बालकल्याणासाठी दहा टक्के खर्च करायचा असतो, त्यातनं आरोग्य केंद्राशी बोलून गावातल्या दहा-पंधरा धोक्यातल्या पोरांची लस निघू शकते, निदान ठराव करून वर पाठवता येतो की ही लस बालकांच्या यादीत घ्या. आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने कमी नाहीत, दूध संघ मोठे आहेत, वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डाला पैसा कमी पडत नाही. शहरात महापालिकेच्या दवाखान्यात हाच विषय घेऊन जाता येतो. शाळेला खरंच काळजी असेल तर तिनं सर्टिफिकेट मागण्याऐवजी एक शिबिर घ्यावं, एकत्र खरेदीत भाव पडतो, ज्यांना जमतंय त्यांनी दुसऱ्या एका पोराचा डोस भरावा, आणि ताप आलेल्या पोराला घरी ठेवलं म्हणून हजेरीचं बक्षीस हुकायची पद्धत पहिली बंद करावी. मी हे शाळेला लिहून दिलंय. आमच्या गल्लीतल्या तालमीत पण विषय काढलाय, गणपतीच्या वर्गणीच्या आधी ही वर्गणी म्हणून. दोघं हसले, चौघं हो म्हणाले.

त्या आईला मी वेगळा फोन केला. धाकटा दीड वर्षाचा, मोठी पाचची. म्हटलं आधी आशा ताईला कार्ड दाखवून धाकट्याचं पीसीव्ही आणि गोवर पूर्ण आहे का बघा, ते फुकट आहे. फ्लूची दोघांना जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून धाकट्याला आधी घ्या, मोठीचं बघू, तालमीकडनं काय होतंय का. ती म्हणाली, "पगार सात तारखेला होतोय, तोवर चालतंय न्हवं?" मी बोटावर मोजलं. सात मे ला पहिला, चार आठवड्यांनी चार जून, त्यावर दोन आठवडे म्हणजे अठरा जून. पाऊस लागलेला असंल, पण शाळेतला खरा खोकला जुलैत. चालतंय, म्हटलं.